जिन्यातल्या चपलांचं गाणं

"तुमची मैत्रीण काय छान गाते हो!" असं कुणी म्हटलं की मी "हो ना" म्हणते आणि ओढणी, पर्स, किल्ल्या, जे हाताशी असेल ते नीट करायला घेते. मान खाली घालायला काहीतरी निमित्त लागतं. पुणेकरांना तोंडावर कौतुक करता येत नाही म्हणतात. मला दुसऱ्याचं कौतुक ऐकताही येत नाही. निदान तिचं तरी नाही.

सरळच सांगते, मी तिच्यावर जळते. लोक अशा वेळी "तिचं चांगलं झालं याचा आनंदच आहे, पण..." अशी सुरुवात करतात. माझ्याकडे आधीचा आनंद नाही, नुसता 'पण' आहे.

ती म्हणजे हल्लीच्या कॉलेजातल्या मुलामुलींच्या कानांत जिचा आवाज असतो ती. स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते, मांडीवर गिटार घेऊन स्वतःच गाते. सिनेमासाठी गात नाही, कुठल्या मोठ्या कंपनीच्या दावणीला बांधलेली नाही. याला इंडी पॉप म्हणतात हे मला माझ्या विद्यार्थिनींनी सांगितलं. आमच्या वेळी याला "घरी बसून काहीतरी करत असते" म्हणत. त्या काहीतरीला आता बंगलोर-दिल्लीत तिकीट लागतं, आणि मराठीचा गंध नसलेली मुलं तिच्याबरोबर मराठी ओळी मोठ्यांदा गातात. व्हिडिओत पाहिलंय मी. 'ळ' म्हणता येत नाही एकालाही.

आम्ही दोघी एकाच बाईंकडे गाणं शिकलो. नारायण पेठेत, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बाईंचा क्लास होता. मी पेठेतलीच, चालत चार मिनिटांवर. ती विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायची. बाईंच्या दारावर पाटी होती, "तंबोरा सुरू झाल्यावर दार उघडले जाणार नाही. बेल वाजवून अपमान करून घेऊ नये." बस काही पाटी वाचून सुटत नाही. ती आठवड्यातून दोनदा तरी उशिरा यायची आणि बंदिश संपेपर्यंत बाहेर जिन्यात, आमच्या सगळ्यांच्या चपलांमध्ये बसून राहायची. बाईंना तिची दया आली नाही. मलाही आली नाही, कारण बाई मला पुढे बसवून गाऊन घ्यायच्या ती नेमकी तीच वेळ असायची. मधेच दार वाजलं तर माझी लय तुटली असती. नियम मला अगदी रास्त वाटायचा.

बाई फार बोलत नसत. आपण एखादी जागा घेतली की डोळे मिटूनच म्हणायच्या, "ठेव", नाहीतर "सोड". ठेव म्हणजे ही जागा तुझी झाली, उद्याही अशीच घे. सोड म्हणजे विसर ती. पण 'सोड'नंतर त्या कारण सांगत. कुठे स्वर उतरला, कुठे श्वास मधेच तुटला, कुठे समेवर घाई झाली. कारण न देता 'सोड' म्हणणं हा शिकवणाऱ्याचा कामचुकारपणा, असं त्यांचं मत होतं. कारण ऐकलं की आम्ही "बरं, बाई" म्हणायचो आणि पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या वाट्याला 'ठेव' जास्त यायचे. तिच्या वाट्याला 'सोड'. तिचा गंधार चढा लागायचा. फार नाही, केसभर, पण बाईंच्या कानांना केस पुरायचा. "आवाज बरा आहे, शिस्त नाही," असं त्या तिच्याबद्दल म्हणायच्या, तिच्या समोरच. ती हसायची. मी मान डोलवायचे. अनुमोदन देण्यात मी तेव्हापासूनच हुशार.

कॉलेज संपल्यावर तिनं गाणं सोडलं आणि खराडीच्या एका कंपनीत लागली. दिवसभर हेडफोन लावून परदेशातल्या लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. मी विशारद झाले, पुढची परीक्षाही दिली. लग्न होऊन वारज्याला गेले, पण रोज स्कूटरवर पेठेत यायचे, कारण बाई थकल्या आणि त्यांनी क्लास माझ्या हाती दिला. पाटीसकट. दोघींपैकी गाणारी कोण हे त्या वर्षी कुणालाही विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं.

मग एक दिवस तिची व्हॉइस नोट आली. तिनं कुणाची तरी वापरलेली गिटार घेतली होती, पाच कॉर्ड शिकली होती, आणि त्या पाचांत एक गाणं केलं होतं. खाली लिहिलं होतं, "ऐक आणि सांग. बाईंसारखं सांग."

ऐकलं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये रेकॉर्ड केलेलं होतं, मागून कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. गाणं होतं दुपारी तीनच्या कँटीनच्या चहावर. मी तंबोऱ्याचं ॲप लावून पुन्हा ऐकलं आणि पाच मिनिटांत लिहिलं, "सोड. दोन ठिकाणी गंधार चढा, एका ओळीत शब्द तालाबाहेर, आणि चहावर काय गाणं करायचं?" तिनं लिहिलं, "बरं, बाई."

तिथून आमची रीतच पडली. गाणं केलं की ती पाठवायची, मी ऐकून 'ठेव' किंवा 'सोड' लिहायचे. सोड असेल तर कारणांसकट. ती निम्म्या गोष्टी दुरुस्त करायची आणि निम्म्या तशाच ठेवायची. प्रामाणिकपणे सांगते, त्या काळात मी एकदाही खोटं बोलले नाही. तिला बाईंचा कान हवा होता आणि तो माझ्याकडे होता. उलट मला बरं वाटायचं. बिचारी, कुणीतरी सांगायला हवंच ना.

ती बिचारी नाही हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. आधी कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेत वीस लोक, मग चाळीस. मग तिचं एक गाणं कुठल्याशा वेब सिरीजमध्ये शेवटी वाजलं आणि माझ्या नणंदेच्या मुलीनं ते मला ऐकवलं. मला! "मामी, ऐक ना, किती वेगळं आहे!" मी ते चार महिन्यांपूर्वी ऐकून त्यातल्या तीन चुका काढल्या होत्या. त्यातली एक तिनं दुरुस्त केली नव्हती, आणि नणंदेची मुलगी नेमकी त्याच जागेवर डोळे मिटून बसली होती.

तिच्या गाण्यात आहे तरी काय, याचा मी जेवढा अभ्यास केलाय तेवढा परीक्षेच्या रागांचा केला नसेल. जळणाऱ्या माणसाइतक्या बारकाईनं कुणी ऐकत नाही. तर ऐका. ती खालच्या पट्टीत गाते, जवळजवळ बोलल्यासारखं, शेजारी बसलेल्या एकाच माणसाला सांगावं इतपत. वर जायची वेळ आली की जात नाही, आवाज बारीक करते. ओळीच्या शेवटी श्वास ऐकू येतो. तो आपण लपवायला शिकतो, ती तो ठेवते. शब्द घरातले. डबा, पार्किंग, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, "पोचलीस की फोन कर." समेच्या आधी अर्धी मात्रा थांबते, आणि आपण ऐकणारे त्या अर्ध्या मात्रेत लटकत राहतो. स्वतःच्याच आवाजाची दुसरी ओळ वर चढवते, ती मुद्दाम जुळवत नाही, त्यामुळे एकच बाई दोन मनांनी गातेय असं वाटतं. मागे कुकरची शिट्टी असली तर राहू देते. आणि तो गंधार. केसभर चढा. लोकांना तिथे पोटात काहीतरी होतं. मलाही होतं, पण माझं पोट वेगळ्या कारणानं दुखतं.

मी काय करत होते? मी गात होते, असं म्हणायची पद्धत आहे. एका सोसायटीच्या गणपतीत गायले, तिथे माईकवाल्यानं मधेच "एम एच बारा अमुक अमुक गाडी कुणाची आहे" हे सांगून घेतलं. एका दिवाळी पहाटेला गायले, मुख्य गायक येईपर्यंत. ते लवकर आले. श्रोत्यांमधले एक आजोबा नंतर मुद्दाम भेटायला आले आणि म्हणाले, "अहो, आपला आवाज अगदी शुद्ध आहे. एक चूक नाही." मी नमस्कार केला. घरी येईपर्यंत मला ते वाक्य कौतुकाचं वाटत होतं.

मग मीही एक गाणं करायचं ठरवलं. तिला पाच कॉर्डमध्ये जमतं, मला तर अख्खा यमन येतो. पेटी घेऊन बसले, संध्याकाळवर चार कडवी लिहिली, चाल बांधली, मुलगा शाळेतून यायच्या आत रेकॉर्ड केलं आणि पहिल्यांदाच उलट्या दिशेनं पाठवलं. तिला. वर लिहिलं, "बाईंसारखं सांग."

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "चाल सुंदर आहे. एकही चूक नाही. पण यात तू कुठे आहेस?"

तिनं ठेवही म्हटलं नव्हतं आणि सोडही. मला त्या प्रश्नाचा इतका राग आला की महिनाभर मी तिला स्वतःहून मेसेज केला नाही. काल गिटार हातात धरलेली बाई मला शिकवणार! यात मी कुठे आहे म्हणजे काय? गाणारी मीच ना? नवऱ्याला विचारलं, तर त्यानं गाणं पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, "छान आहे की. रेडिओवर लागल्यासारखं वाटतं." त्याच्यावरही दोन दिवस राग धरला.

त्या महिन्याच्या शेवटी ते गाणं आलं.

तिचा पहिला अल्बम ठरला होता, आठ गाणी घ्यायची होती, सात ठरली होती. मी दुपारच्या क्लासला निघाले होते, आमच्या वारज्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरवर बसले होते, हेल्मेट घालायच्या आधी नोट लावली. गिटारसुद्धा जेमतेम होती. ती गात होती,

आत कुणी गातंय, मी चपलांत बसले आहे
वीस जोड चपलांची ऊब माझ्या पायांना
दार उघडू नका कुणी
मला इथूनच बरं ऐकू येतंय

मी हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिले. आत गाणारी कोण हे मला पहिल्याच ओळीला कळलं. तो जिना माझा होता, त्या चपलांमध्ये माझी होती, आणि त्या बंद दारामागे मी गात होते. इतकी वर्षं मला वाटायचं, ती बाहेर बसून कंटाळत असेल, दार उघडायची वाट बघत असेल. ती ऐकत होती. आणि जे ऐकलं ते तिनं अडीच मिनिटांत असं काही मांडलं होतं, की पार्किंगमध्ये वॉचमननं येऊन विचारलं, "ताई, गाडी बंद पडली का?"

तीनदा ऐकलं. तिसऱ्या ओळीच्या शेवटी गंधार चढा होता. तो तिथे तसाच असायला हवा होता, दुसरा कुठलाही स्वर तिथे लावला असता तर ती ओळ खोटी झाली असती. हे मला कळत होतं. एवढी वर्षं कान तयार केला तो या एका गोष्टीसाठी, असं वाटावं इतकं स्वच्छ कळत होतं. आणि त्याच वेळी मी जळत होते. मी दहा वर्षं गाऊन जे उभं करू शकले नाही, ते हिनं माझं गाणं बाहेरून ऐकून उभं केलं होतं. माझ्यात होतं म्हणे. मग मला का नाही सापडलं? आणि हे गाणं अल्बममध्ये गेलं की संपलंच. मग ती गायिका आणि मी गाण्यातली कुणीतरी.

क्लास घेतला. मुलींना पलटे दिले. त्या काय गात होत्या देव जाणे. संध्याकाळी पेठेतून निघताना, जिन्यातच उभी राहून, लिहिलं, "सोड."

कारण लिहिलं नाही. शोधलं होतं, दोन तास शोधलं होतं. सापडलं नाही, आणि जे होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

"बरं, बाई," तिचं उत्तर आलं.

अल्बम सात गाण्यांचाच आला. पुढचं तुम्हाला माहीत आहे, नाहीतर तुमच्या मुलांना माहीत आहे. नोकरी सुटली, ती मुंबईला गेली, मग गावोगाव. एका मुलाखतीत तिला विचारलं, तुमचं गुपित काय? ती म्हणाली, "पुण्यात माझी एक मैत्रीण आहे. तिनं ठेव म्हटलेलीच गाणी मी गाते." माझ्या आईनं तो तुकडा आमच्या अख्ख्या नात्यात पाठवला. आत्या, काकू, सगळ्यांचे अंगठे आणि हात जोडलेले. एकीनं लिहिलं, "किती मोठं मन तुझं!" मी त्यावर फूल पाठवलं.

ते आठवं गाणं माझ्या फोनमध्ये राहिलं. तीन फोन बदलले, तिन्हींत नेलं. 'सोसायटी मीटिंग' असं नाव देऊन ठेवलं होतं, म्हणजे घरात कुणी चुकूनही उघडणार नाही. ज्या दिवशी तिचा फोटो पेपरात यायचा किंवा तिच्या कार्यक्रमाची तिकिटं अर्ध्या तासात संपल्याचं कळायचं, त्या दिवशी मी ते ऐकायचे. साऱ्या दुनियेकडे तिची सगळी गाणी असू देत, हे फक्त माझ्याकडे आहे. कपाटातल्या लॉकरच्या किल्लीसारखं ते मी सांभाळलं. लॉकरमध्ये दुसऱ्याचा दागिना आहे हे मात्र विसरता येत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात तिचा पुण्यात मोठा कार्यक्रम झाला. तिनं मला पहिल्या रांगेचे दोन पास पाठवले. मी खोकला झाल्याचं कळवलं आणि पास माझ्या एका विद्यार्थिनीला दिले. ती आणि तिची आई माझ्या उदारपणानं गहिवरल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी नऊच्या बॅचला मी तंबोरा सुरू केला, दार लावलं, मुलींना यमनची बंदिश दिली आणि मधे मीही गायले. साडेदहाला दार उघडलं, तर ती जिन्यात बसलेली. मुलींच्या चपलांमध्ये, पाय दुमडून, टोपी डोळ्यांवर ओढून.

"अगं, बेल तरी वाजवायचीस!"

"अपमान करून घेऊ? पाटी वाचता येते मला," ती म्हणाली. मग म्हणाली, "खोकला बरा झालेला दिसतोय."

"सकाळीच झाला."

"कळलं. दारातून ऐकलं."

मुलींनी तिला ओळखलं आणि पुढची वीस मिनिटं जिन्यात नुसता कल्लोळ झाला. खालच्या मजल्यावरचे आजोबा बाहेर येऊन "काय, साखरपुडा आहे का?" असं विचारून गेले. माझ्या मुली, ज्या माझ्याकडे कधी वर मान करून बघत नाहीत, तिच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढत होत्या. एकीनं मला म्हटलं, "ताई, जरा बाजूला व्हाल? प्रकाश येत नाहीये." मी झाले.

सगळ्या गेल्यावर ती पुन्हा पायरीवर बसली. मीही बसले, एक पायरी वर.

"ते चपलांचं गाणं आठवतं?" तिनं विचारलं.

"कुठलं गं?" मी म्हटलं. फोन माझ्या हातात होता.

"मी पाठवलं होतं तुला. तू सोड म्हणालीस."

"असेल. किती गाणी पाठवायचीस तू."

"कारण दिलं नव्हतंस."

"सुचलं नसेल."

"तुला? तुला कारण सुचलं नाही?" ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "एकदा कुकरची शिट्टी निषादाला लागत नाही म्हणून कळवलं होतंस तू मला."

शिट्टी खरंच लागत नव्हती.

"दुपारी पाठवलं, तुझं उत्तर संध्याकाळी आलं," ती म्हणाली. "एरवी पाच मिनिटांत यायचं. तेव्हाच कळलं मला, की गाणं चांगलं झालंय."

हे सगळं तिला ठाऊक होतं. मी लॉकरला कुलूप घालून वर्षानुवर्षं पहारा देत होते आणि तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला वरमायला हवं होतं, पण माझा स्वभाव तसा नाही. मी उलटी चिडले.

"कळलं होतं तर गायलीस का नाहीस? मी काय तुझा हात धरला होता? घ्यायचं होतंस अल्बममध्ये!"

"त्यात आत गाणारी तू आहेस," ती म्हणाली. "तूच नको म्हणालीस. मग कसं गाणार?"

एवढंच. उपकार केल्यासारखं नाही, टोमणाही नाही. पत्ता सांगावा तसं सांगितलं. मग घड्याळ बघून उठली, तिला विमान गाठायचं होतं. दोन पायऱ्या उतरली आणि म्हणाली, "यमन छान झाला तुझा. मधे एकदा दम लागला ना? ते ठेव."

ती गेल्यावर मला तिचा जेवढा राग आला तेवढा आजवर आला नव्हता. तिचं नाव झालं, पैसा झाला, लोक तिच्या ओळी हातावर गोंदवून घेतात, ते सगळं मी कसंबसं गिळलं होतं. निदान ती मनानं माझ्याइतकीच असेल, संधी मिळाली तर तीही अशीच वागेल, एवढा एक आधार होता. तोही तिनं ठेवला नाही. माणसानं सगळ्याच बाबतीत पुढे जायचं म्हणजे काय! मागच्यानं उभं तरी कुठे राहायचं?

आत येऊन मी सतरंजी गुंडाळली. तंबोऱ्याला गवसणी घातली. मग खिडकीत उभी राहून 'सोसायटी मीटिंग' लावलं आणि या वेळी परीक्षकासारखं ऐकलं, बाई ऐकायच्या तसं, डोळे मिटून. संपल्यावर लिहिलं, "ठेव."

पुरेसं वाटलं नाही. तिला माझं 'ठेव' खरं कसं वाटावं? मी आणखी लिहिलं, "तिसऱ्या ओळीच्या शेवटी गंधार चढा आहे. दुरुस्त करू नकोस." आणि नोट खाली जोडली. पाठवल्यावर हातातून काहीतरी गेल्यासारखं झालं, आणि ते चांगल्या अर्थानं गेलं असं मी म्हणणार नाही. मला ते परत हवं होतं.

ती विमानतळाच्या वाटेवर असावी. लगेच उत्तर आलं, "बरं, बाई."

उन्हाळ्यात ते गाणं आलं. तिनं त्यात काही वाढवलं नाही. माझ्या सगळ्या मुली ते गुणगुणतात, आणि मी "आधी पलटे" म्हणून ओरडते. परवा एकीची आई दारात थांबून म्हणाली, "ताई, ते चपलांचं गाणं ऐकलंत का हो? त्यात आत जी गाते ना, ती किती सुंदर गात असेल! खरंच असेल का हो अशी कुणी?"

"असेल पेठेतली कुणीतरी," मी म्हटलं आणि किल्ल्या नीट करायला घेतल्या.

त्या आतल्या मुलीला मी चांगली ओळखते. ताना पाठ केलेल्या असायच्या तिच्या. सम आली की डोळे उघडून बाईंकडे बघायची, शाबासकीसाठी. बंद दारातून हे दिसत नाही. जिन्यात बसलेलीला जी ऐकू आली ती वेगळीच होती. तिला घाई नव्हती, कुणाकडे बघायचं नव्हतं, ती नुसती गात होती. मी हे गाणं रोज ऐकते, आता लपवून ऐकावं लागत नाही. आणि हल्ली माझा हेवा मैत्रिणीवरून सरकून त्या मुलीवर गेला आहे. काय गाते ती! एकदा, एकदाच, मला तसं गाता यायला हवं होतं.